कन्फ्यूशियसचा फेटा आणि माझी सही

कन्फ्यूशियसला फेटा बांधलेला मी पाहिला तो राजारामपुरीत, माझ्या भावाच्या कोचिंग क्लासच्या दारात. दहा फुटी फ्लेक्स होता. मधोमध लांब दाढीचा तो चिनी म्हातारा, हात एकमेकांत गुंतवून छातीशी धरलेले, आणि डोक्यावर केशरी कोल्हापुरी फेटा, तुऱ्यासकट. खाली मोठ्या अक्षरांत ‘मातृ-पितृ पाद्यपूजन सोहळा’ आणि त्याखाली प्रमुख वक्त्या म्हणून माझा फोटो. माझा फोटो त्याच्यापेक्षा किंचित मोठा होता, हे कबूल करायला हवं.

“अरे, ह्याला फेटा कुणी बांधला?” मी भावाला विचारलं.

“फ्लेक्सवाल्यानं. म्हणाला, मोकळं डोकं बरं दिसत न्हाय. थोर माणूस हाय न्हवं? मग फेटा पायजेच की.”

मी पोट धरून हसले. कुठल्या प्रसंगाला कुठली टोपी घालायची याबद्दल कन्फ्यूशियस फार काटेकोर होता. त्याला हा फेटा कदाचित आवडलाही असता. मला हसू आलं ते फेट्याचं. संताप आला तो नंतर, आणि तो फेट्याचा नव्हता.

त्याच्या आठवडाभर आधी भावाचा फोन आला होता. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण बोलतो असं की मीच त्याच्या क्लासला आहे. “आक्का, रविवारी तू त्या चिन्यावर बोलायचं. चीन-कोरियाची पोरं एवढा अभ्यास का करत्यात, आईबापाचं कसं ऐकत्यात, ते जरा पॅरेंट्सना सांग. आणि मंगळवारी हातकणंगल्याला यायचं, सहीला. आबास्नी वाटणी करून मोकळं व्हायचं हाय.” दोन्ही कामं त्यानं एका श्वासात सांगितली. मला वाटतं, त्याच्या लेखी ती दोन नव्हतीच.

आबा म्हणजे आमचे वडील. वय ब्याऐंशी, आई केव्हाच गेली. हातकणंगल्याच्या अलीकडं आमचं गाव आहे, तिथं ते भाऊ-भावजयीपाशी राहतात. जमीन वडिलोपार्जित. ती आबांना हयातीतच भावाच्या नावावर करून द्यायची होती, आणि त्यासाठी मी माझा हक्क सोडला असं लिहून देणं गरजेचं होतं.

आमच्याकडं या सहीची रीत ठरलेली आहे. वाटणीची वेळ आली की लेकीला निरोप जातो. लेक सकाळी येते. नवरा सोबत असतो, तो बाहेर टपरीवर चहा पीत उभा राहतो. कागदावर लिहिलेलं असतं की मी राजीखुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय माझा हक्क सोडत आहे. लेक सही करते. मग घरी पुरणपोळीचं जेवण, भावाकडून साडी, ओटी, आणि सगळे म्हणतात, बहीण असावी तर अशी. सही न करणारीला काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही. कायदा बदलून बरीच वर्षं झाली, लेकीचा हिस्सा लेकाएवढा झाला. आमच्या भागात त्याचा उपयोग एवढाच झाला की पूर्वी लेकीला कुणी विचारत नव्हतं, आता सहीपुरतं बोलावतात.

आणि सही केली नाही तर माहेर तुटतं. हे कुठं लिहिलेलं नसतं, पण कुणाला सांगावंही लागत नाही. एकसष्टाव्या वर्षी बाईला माहेर कशाला लागतं, असं कुणी विचारेल. मला लागतं. गुऱ्हाळं सुरू झाली की आबा काकवीची बरणी घेऊन कोल्हापूरला यायचे. आता ते येत नाहीत, भावाच्या हाती पाठवतात. बरणीला बांधलेल्या फडक्याची गाठ आबांची असते, ती सोडवायला मला कात्री लागते. एवढंच माझं माहेर उरलं होतं, आणि ते मला हवं होतं.

मग सही करून टाकायची, असं माझ्या मैत्रिणी म्हणाल्या. तुला काय कमी आहे? पेन्शन आहे, घर आहे, मुलगा कमावता आहे. खरंच काही कमी नाही. पण मला माझी आत्या आठवत होती.

आत्या आबांची थोरली बहीण, कुरुंदवाडला दिलेली. तिनं असाच कागदावर अंगठा दिला तेव्हा मी फार लहान होते. हिरवं लुगडं मिळालं होतं म्हणे. पुढं एका वर्षी नदीला पूर आला, तिच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं आणि ती पत्र्याची एक ट्रंक घेऊन आमच्याकडं आली. मी पाचवीत होते. आत्या स्वयंपाकघरात झोपायची. कुणी न सांगता भांडी घासायची, गोठ्यातलं शेण काढायची. आठव्या दिवशी सकाळी आबा दारात उभं राहून दात घासत होते. आत्याकडं न बघताच म्हणाले, “कुरुंदवाडचं पाणी उतरलं म्हणं.”

एवढंच. आत्यानं हातातलं पातेलं विसळून पालथं घातलं आणि ट्रंक बाहेर आणली. दुपारच्या एसटीनं ती गेली. तिच्या घरात गुडघाभर चिखल असणार हे आबांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्यानंतर ती आमच्याकडं राहायला कधी आली नाही, आणि तिचं मन दुखावलं असेल असं घरात कुणाला वाटलंही नाही.

आबा दुष्ट नाहीत. ते दुष्ट असते तर हे सगळं फार सोपं झालं असतं. याच माणसानं मला रोज सायकलवर डबलसीट बसवून हातकणंगल्याच्या स्टेशनवर सोडलं, कोल्हापूरच्या कॉलेजात जायला. भावकीनं नावं ठेवली तेव्हा चावडीत उभं राहून म्हणाले, “पोरगी माझी शिकती, तुमच्या पोटात का दुखतंय?” माझ्यावर त्यांचा जीव आहे. फक्त माझं लग्न झालं त्या दिवसापासून, मी उंबऱ्यात पाऊल टाकलं की ते आत बघून हाक देतात, “पावणी आलीया, च्या टाका.” लाडानंच म्हणतात. आत्यालाही असंच म्हणायचे. मी जवळजवळ चाळीस वर्षं ते हसून ऐकलं.

आता त्या चिनी म्हाताऱ्याविषयी, कारण त्याच्याशिवाय मी पुढं जे केलं ते केलं नसतं.

मी तीस वर्षं कोल्हापुरातल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. कन्फ्यूशियसला अभ्यासक्रमात चार तास मिळायचे, मी आठ घ्यायचे. तो मला आवडायचा ते शहाणा म्हणून नव्हे, शहाणे पैशाला पासरी मिळतात. आवडायचा तो त्याच्या फजितीमुळं. लू नावाच्या लहानशा राज्यात जन्मला. बाप लहानपणीच गेला, आईनं वाढवलं. तरुणपणी धान्याच्या कोठारावर आणि गुरांवर देखरेख करायची नोकरी केली. त्या काळात जुनं मोठं राज्य खिळखिळं झालं होतं आणि छोटी राज्यं एकमेकांच्या उरावर बसली होती. रीतीभाती होत्या, पण देखाव्यापुरत्या. ह्याचं म्हणणं असं की रीतीतलं मन निघून गेलं म्हणून माणसं बिघडली. पन्नाशीत एक पद मिळालं, तेही टिकलं नाही. मग शिष्यांना घेऊन तेरा-चौदा वर्षं राज्याराज्यांतून हिंडला. राज्य कसं चालवावं ते सांगतो, मला ठेवून घ्या. कुणी ठेवलं नाही. वाटेत उपासमार झाली, जिवावर बेतलं. एका वेशीवरच्या पहारेकऱ्यानं त्याचं नाव ऐकून विचारलं म्हणे, जमणार नाही हे ठाऊक असून करत राहतो, तोच का हा? शेवटी घरी परतला आणि शिकवत बसला. शिष्यानं सुक्या मांसाची जुडी आणली तरी गुरुदक्षिणा म्हणून चालायची. कूळ बघायचा नाही.

त्याचं सांगणं ऐकायला सोपं आहे. माणुसकी आधी घरात शिकायची, मग गावात, मग राज्यात. जे आपल्याला नको ते दुसऱ्याच्या वाट्याला आणू नये. राजानं राजासारखं वागावं, बापानं बापासारखं, लेकरानं लेकरासारखं. एका शिष्यानं विचारलं, राज्य हातात आलं तर पहिलं काम काय कराल? तो म्हणाला, नावं नीट करीन. ज्याला जे म्हणतो ते त्याला खरंच मिळतं का, ते बघीन. शिष्य हसला. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, म्हणाला. म्हातारा चिडला. ही चिडलेली जागा मी वर्गात फार रंगवून सांगायचे.

आणि एक शिकवण, जिच्याकडं कुणी बघत नाही. आईबाप चुकत असतील तर त्यांना सांगावं, हळू सांगावं. त्यांनी ऐकलं नाही तर आदर सोडू नये, आणि सांगणंही सोडू नये. त्याच्या परंपरेत पुढं असंही म्हटलं गेलं की ज्या बापाला उलट बोलणारं एक तरी लेकरू आहे, तो बाप अधर्मात पडत नाही.

हे वाक्य गेलं कुठं? तो मेल्यावर अडीचशे-पावणेतीनशे वर्षांनी एका सम्राटानं त्याची पुस्तकं जाळली, त्याचे पंडित जिवंत गाडले असं सांगतात. नंतरच्या राजघराण्यानं उलट त्याला डोक्यावर घेतलं. त्याच्या शिकवणीवर परीक्षा सुरू झाल्या, त्या पास होईल तो अधिकारी, आणि हे अगदी परवापरवापर्यंत म्हणजे विसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत चाललं. कोरिया, जपान, व्हिएतनामपर्यंत त्याचं बोट धरून कारभार, शाळा, घरं उभी राहिली. पण राजांना त्याच्यातली आज्ञा आवडली, उलट बोलणं नाही. बादशहाला चूक सांगायला जाताना आपली शवपेटी आधी आणून ठेवणारा एखादा अधिकारी निघायचा, नाही असं नाही. बाकी सगळे मान डोलवायचे. बाईनं आधी बापाचं, मग नवऱ्याचं, मग लेकाचं ऐकायचं, हेही त्याच्याच छत्रीखाली चाललं. मग गेल्या शतकात तिथल्या तरुणांनी त्याला जुनाट म्हणून फेकलं, पुढं त्याच्या थडग्याचीही नासधूस झाली. आणि आता परत पुतळे उभे राहतायत. प्रत्येकानं आपल्याला हवा तेवढा घेतला. माझ्या भावानं वेगळं काही केलं नव्हतं, त्यानं फक्त फेटा घातला.

रविवारी सकाळी हॉल भरला. स्टेजवर खुर्च्यांवर आईबाप, समोर पाटावर मुलं, पितळी ताटं, गुलाबाच्या पाकळ्या घातलेलं पाणी. मधल्या खुर्चीत आबा बसले होते, कडक इस्त्रीच्या धोतरात. माझ्या भावानं खाली बसून त्यांचे पाय धुतले. फोटोवाल्यानं “सर, जरा इकडं” म्हणून तीनदा धुवायला लावले. निवेदकानं डोळे पुसले. मग सगळी मुलं उठली, ताटं उचलली गेली आणि आईबाप ओल्या पायांनी तसेच बसून राहिले. टॉवेल कुणी आणलेच नव्हते. फुलं आठवली, माइक आठवला, स्टेजवर धूर सोडायचं यंत्रसुद्धा आठवलं. एका म्हातारीनं गुपचूप पाय साडीला पुसले.

मी उठले. भाषण मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, तेच केलं. म्हटलं, कन्फ्यूशियसला विचारलं होतं की आईबापाची सेवा म्हणजे काय. तो म्हणाला, लोक समजतात खायला घातलं की झालं. कुत्र्या-घोड्यांनाही आपण घालतोच की. मन नसेल तर फरक काय राहिला? टाळ्या पडल्या. मग मी पुढचं सांगितलं. आईबाप चुकत असताना जे पोर गप्प बसतं ते चांगलं पोर नव्हे, ते भित्रं पोर. चांगलं पोर सांगतं. ऐकलं नाही तरी घर सोडत नाही आणि सांगणंही सोडत नाही. तुमच्या पोरांना आज तुम्ही पाय धुवायला शिकवलं. उद्या ती तुम्हाला “तुमचं चुकतंय” म्हणाली, तर त्याला संस्कार म्हणाल का?

टाळ्या पडल्या नाहीत. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मोबाइल काढला. मी माइक ठेवला, मधल्या खुर्चीपाशी गेले, खाली बसले आणि पदरानं आबांचे पाय पुसले. दोन्ही तळवे गार पडले होते. बोटांच्या मधलं पाणी तसंच होतं.

गाडीत भाऊ पुढं, मी आणि आबा मागं. वाटेत रुकडी गाव आलं. मग आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “माझ्यावरच बोललीस न्हवं?”

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? “व्हय, आबा.”

“सहीचं?”

“न्हाय करणार.”

भावानं गाडीचा वेग वाढवला. आबांनी काच वर केली.

तरीही मंगळवारी मी हातकणंगल्याला गेले. फोनवर नाही म्हणणं मला पटत नाही. नाही म्हणायचं ते समोर बसून. नोंदणी कार्यालयाच्या बाकावर भाऊ कागद घेऊन बसला होता, शेजारी साडीची पिशवी. मोरपंखी रंग, माझ्या आवडीचा. भावजयीनं निवडली असणार. आबा बाकाच्या टोकाला काठीवर हनुवटी टेकून बसले होते. घरी मी घरची बोलीच बोलते, तिथंही तीच बोलले.

“हे बघ,” मी भावाला म्हटलं, “सही करणार न्हाय. आणि कोर्टातबी जाणार न्हाय. जमीन तूच कस. ऊस तुझा, पाणी तुझं. मला एक कांडं नको. पण उद्या सातबाऱ्यावर तुझ्या नावाशेजारी माझं नाव लागंल. लागू दे.”

भाऊ हसला. “कसायचं न्हाय, खायचं न्हाय, मग नुसत्या नावाचं काय लोणचं घालायचंय?”

अडीच हजार वर्षांपूर्वी तो शिष्य असाच हसला असणार. मी चिडले. बाकावरच्या अनोळखी माणसांनी माना वळवल्या इतक्या मोठ्यानं बोलले. म्हटलं, “आत्याचं नाव काढून टाकलं तवा तिची आठ दिवसांची पावणी झाली. चिखलात धाडली तिला. मी मेले तरी माझं नाव मी काढून देणार न्हाय.”

आबा उठले. काठी टेकत दारापर्यंत गेले. तिथून भावाला म्हणाले, “चल घरी.” माझ्याकडं बघितलं नाही. भावानं साडीची पिशवी उचलली आणि जाता जाता हळू आवाजात म्हणाला, “आक्का, तुझं माहेर तू तुझ्या हातानं मोडलंस.” त्याचे डोळे भरलेले होते, हे मी त्याच्या बाजूनं सांगून ठेवते.

कोर्टात का जाणार नाही, हे मला वकिलापासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांनी विचारलं. कन्फ्यूशियसची एक गोष्ट आहे. एका बापानं मेंढी चोरली आणि लेकानं त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. सगळे त्या लेकाला सरळमार्गी म्हणाले. कन्फ्यूशियस म्हणाला, आमच्याकडचा सरळपणा वेगळा, बाप लेकाला झाकतो आणि लेक बापाला. या गोष्टीशी मी तीस वर्षं वर्गात भांडले आणि अजून ती मला पुरती पटलेली नाही. ज्या बाईला घरातून मार खाऊन बाहेर पडावं लागतं तिला मी ही गोष्ट कधीच सांगणार नाही. तिनं आधी पोलीस चौकी गाठावी. पण माझ्यापुरतं मला वाटलं, ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला मी कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावल्या, तर जिंकूनही माझ्या हाती काही लागणार नाही. मला जमीन घ्यायची नव्हती. मला आबांकडून चूक कबूल करून घ्यायची होती.

तर मी पुढच्या रविवारी गावी गेले. सोबत पेढे नेले, नेहमीसारखे. उंबऱ्यात पाय ठेवला. “पावणी आलीया” अशी हाक आली नाही. आबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. भाऊ गाडी काढून बाहेर गेला. भावजयीनं चहा दिला आणि कानाशी म्हणाली, “वन्सं, कशाला आलासा?” मी म्हटलं, “माझ्या बापाकडं आलेय.” आबांच्या पायाशी बसले आणि त्यांची नखं काढली. त्यांच्या अंगठ्याचं नख जाड आहे, कोमट पाण्यात भिजवावं लागतं, ते भावाला माहीत नाही. नखं काढून झाली, हात धुतले आणि म्हटलं, “आबा, तुमचं चुकतंय.” त्यांची मान भिंतीकडंच राहिली. मी पाच वाजता निघाले.

एक रविवार सोडून एक, मी जात राहिले. पाय चेपले, चष्म्याची काडी बसवली, पेपर वाचून दाखवला. आणि प्रत्येक वेळी निघण्याआधी एकदा, एकदाच, “आबा, तुमचं चुकतंय.” मला शांत राहणं जमलं असं कुणी समजू नये. परतीच्या बसमध्ये मी रडले आहे, आणि एकदा घरी येऊन कपाटातली ताटं आपटली आहेत. गुऱ्हाळं सुरू झाली. काकवीची बरणी आली नाही. माझ्या मुलानं बाजारातून आणून दिली, ती मी उघडलीसुद्धा नाही. तो पहारेकरी रोज आठवायचा. जमणार नाही हे ठाऊक असून करत राहणारा. मी म्हणायचे, मग काय बिघडलं?

कागद अजून भावाच्या कपाटात आहे. माझ्या सहीची जागा कोरी आहे. ती कोरीच राहील.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी अशीच त्यांच्या पायाशी बसले होते. सकाळपासून तिथंच होते, दोन चहा झाले होते. डावा पाय पाण्यात होता. आबा भिंतीकडंच बघत होते. इतक्या दिवसांनी एकदम म्हणाले, “तुझ्या त्या फेटेवाल्याला पोरगी हुती का?”

मी पाण्यातला पाय चोळत म्हटलं, “हुती की.”

“मग?”

“लग्न लावून दिलं तिचं. जावई तुरुंगात जाऊन आलेला, पण ह्याचं म्हणणं, त्याचा काय गुन्हा न्हवता. म्हणून त्यालाच दिली.”

“नाव काय पोरीचं?”

हा प्रश्न मला तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. मीही कुणाला विचारला नव्हता. शिष्यांची नावं आहेत, जावयाचं आहे, लेकाचं आहे. कुठल्या राज्यातल्या कुठल्या मंत्र्यानं काय विचारलं तेही नावानिशी आहे. “ठावं न्हाय, आबा,” मी म्हटलं. “कुणी लिहूनच ठेवलं न्हाय.”

“जो नावं नीट करीन म्हणत हुता, त्यानंबी न्हाय?”

“त्यानंबी न्हाय. तोबी चुकला.”

मी नख काढलं, पाय पुसला, बोटांच्या मधलं पाणी टिपलं. उजवा पाय पुढं करायचा तर त्यांनी तो मागंच ओढून धरला. मग भिंतीकडं बघतच, जरा खाकरून, म्हणाले, “ट्रंक लई जड हुती आक्काची. मीच एसटीवर चढवून दिलती.” त्यांच्या आक्काबद्दल, माझ्या आत्याबद्दल, एवढं बोलताना मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी त्या दिवशी “तुमचं चुकतंय” म्हटलं नाही.

त्यांनी उजवा पाय माझ्या पुढं केला. आणि मान आतल्या खोलीकडं वळवून, पहिल्यासारख्या खणखणीत आवाजात हाक दिली, “अगं, लेक आलीया माझी. ताट वाढा तिला.”

भावजय हातातली पळी घेऊन तशीच बाहेर आली आणि आणखी कोण आलंय ते दारात बघायला लागली.